शेजाऱ्यांचे मत : प्रतिकूल

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या वऱ्हाडात दोन गोष्टी मागेपुढे सुरू होतात. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात आणि गावोगावी अनोळखी माणसं फिरू लागतात. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. पानठेल्यावर उभं राहून उगीच विचारल्यासारखं विचारतात, "ते अमुक इथंच राहतात ना? माणसं कशी आहेत हो?" पानठेलेवाला लगेच ओळखतो, सोयरीक घेऊन आले. मग चुना लावता लावता तो त्या घराच्या तीन पिढ्या सांगून मोकळा होतो. त्यातलं अर्धं खरं असतं.

मीही असाच फिरतो, बारा महिने. माझी फाईल सोयरिकीची नसते, एवढाच फरक. पुण्या-बंगळूरच्या कंपन्या आमच्या पोरापोरींना नोकरी देतात, पण कामावर घेण्याआधी त्यांना खात्री हवी असते. पत्ता खरा आहे का, शिक्षण खरं आहे का, माणूस बरा आहे का. हे काम कंपन्या चौकशी एजन्सीला देतात, एजन्सी ते पुढे सरकवते, आणि सरकत सरकत ते अमरावतीच्या एका जुन्या मोटारसायकलपाशी येऊन थांबतं. ती मोटारसायकल माझी. अमरावती आणि अकोला, दोन जिल्हे माझ्याकडे आहेत. पातूरला "चक्कीच्या मागे, निंबाजवळ" एवढ्या पत्त्यावर मी माणूस शोधून काढला आहे, आणि तिथं निंबाची झाडं तीन होती.

परवा इतवारा बाजारात शेंगा घेत होतो. शेंग हातात घेऊन दाबून पाहायची माझी सवय आहे. वरून टंच दिसते आणि आत दाणा नसतो, असं कितीदा होतं. भाजीवाली वैतागून म्हणाली, "घ्या ना काका, किती तपासता! पोरगी पाहून राहिले का?" तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे पुण्याचे सचिव. चौकशी करणाऱ्या एजन्स्यांनी मिळून एक संघटना काढली आहे, तिचे हे सचिव. वर्षभर त्यांना माझी आठवण नसते.

"काय म्हणते तुमची थंडी?" त्यांनी विचारलं. पुण्याचा माणूस माझ्या थंडीची विचारपूस करतो म्हणजे काम आहे, हे मी समजून गेलो.

"नागपूरचं अधिवेशन आलंय," ते म्हणाले. "ते कलम पुन्हा वर आलंय बघा. आपल्याला परत त्या आमदार भाऊंना भेटायचंय. तुम्ही या. आणि त्या वेळी बोललात ना एक वाक्य, तेच बोला. ते वाक्य फार चाललं."

माझा हात शेंगांच्या ढिगात तसाच राहिला. भाजीवालीनं किलोभर तोलून पिशवीत टाकल्यासुद्धा, मला कळलं नाही.

*

संशय हा माझा धंदा आहे की स्वभाव, हे आता मलाही सांगता येत नाही. सुमन, माझी बायको, म्हणते, "तुमाले तं देवाच्या प्रसादातही खडा दिसते." खोटं नाही. कोणी जास्त गोड बोललं की माझे कान टवकारतात. दारात नव्या चपला दिसल्या की वाटतं, आज कोणाला दाखवायला काढल्या? भिंतीवरचं प्रमाणपत्र वाकडं टांगलेलं असेल तर खरं, आणि सरळ, पुसूनपासून टांगलेलं असेल तर आजच टांगलं. अशी माझी गणितं. रिद्धपूरला एका मास्तरानं आपल्या विद्यार्थ्याची इतकी स्तुती केली, इतकी केली, की मी त्या मास्तरचीच चौकशी करून आलो. मास्तर बिचारा खरंच चांगला निघाला. मला त्याचंही थोडं वाईट वाटलं.

आमच्या फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक चौकट असते. "शेजाऱ्यांचे मत : अनुकूल / प्रतिकूल." खाली दोन ओळी मोकळ्या. वरच्या सगळ्या चौकटी कागद बघून भरता येतात. ही एकच बोलून भरावी लागते, आणि मला अभिमान होता तो हिचाच. मी म्हणायचो, कागद कोणीही करून आणतो, शेजारी कुठून करून आणणार?

तिच्यासाठी एजन्सीचा एक नियम आहे. चौकशी कशासाठी चालली आहे, हे शेजाऱ्याला सांगायचं नाही. उमेदवाराची गोपनीयता राहिली पाहिजे. सहज आलो, सहज विचारलं, असं दाखवायचं. हा नियम ज्यानं केला तो फार शहाणा माणूस असेल. पण तुळशीच्या लग्नानंतर तो वऱ्हाडात कधी आलेला नसणार, हे मी शपथेवर सांगतो.

*

तीन हिवाळे झाले त्याला. वलगावची केस होती. प्रणाली नाव. संगणकाचं शिक्षण झालेलं, पुण्याच्या एका कंपनीत निवड झालेली. बाप भाजीपाला पिकवणारा. घरामागे दीड-दोन एकर, त्यात वांगी, कोबी, मेथी, कडेनं शेवंती. मी गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. ऊन कोवळं होतं आणि अंगणभर कोथिंबिरीचा वास होता. ओल्या गोणपाटाखाली जुड्या झाकून ठेवल्या होत्या.

बापानं खुर्ची पुसून दिली. मी कागद पाहिले, खिडक्या पाहिल्या, चपला पाहिल्या. चपला जुन्या होत्या, मला बरं वाटलं. प्रणालीनं चहा आणला. ताटलीत दोन बिस्किटं, एक थोडं फुटकं. "साखर कमी तं नाही ना जी?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिच्याशी झालेलं माझं बोलणं एवढंच. कागदावर सही घेतली, घराचा फोटो काढला, निघालो.

बाहेर पडून मी मोटारसायकल थोडी पुढे नेऊन लावली आणि पायी परत आलो. हीही एक पद्धत आहे. लागूनच कमलाबाईंचं घर. मधली भिंत कमरेएवढी. बाई सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय साठीच्या आसपास, डोळे फार तल्लख.

"राम राम बाई. हे शेजारचे लोक कसे आहेत हो?" मी सहज विचारलं.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट. फाईल. "तुमी अकोल्याकडचे का जी?"

"येणंजाणं असते तिकडे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"बसा ना बाप्पा. उभ्या उभ्या का अशा गोष्टी होतात?" त्यांनी ओंजळभर शेंगा माझ्या पुढ्यात ठेवल्या. मी एक सोलली. दाणे हिरवेगार, गोड. "माणसं चांगली हायेत. बाप तं देवमाणूस. पोरगी पन चांगली हाय तशी..."

ती 'तशी' मी लगेच पकडली. वीस वर्षं मी अशाच शब्दांवर पोट भरत आलो.

"तशी म्हणजे?"

"जाऊ द्या ना. लोकाच्या पोरीबद्दल आपन काहून बोलाव?" त्या शेंगा सोलत राहिल्या. मी गप्प बसलो. गप्प बसलं की माणूस बोलतो, हेही मला येतं. थोड्या वेळानं त्या पुढे वाकल्या, आवाज बारीक केला. "पोलीस ठान्यात जाऊन आली ते. दोनदा. माह्या डोयानं पाह्यलं. आता काय भानगड हाय ते मले नका इचारू. तुमी मोठे लोक, तुमी समजदार हा. दुसरीकडं पाहा."

दुसरीकडं पाहा. हे शब्द मी कानांनी ऐकले होते, आजही तसेच्या तसे आठवतात. नोकरीच्या चौकशीला आलेल्या माणसाला कोणी 'दुसरीकडं पाहा' का म्हणेल? एवढा संशयी माणूस मी, प्रसादात खडा शोधणारा, आणि नेमका तिथं मला संशय आला नाही. मला उलट आनंद झाला. एवढी गोड पोरगी, एवढा सरळ बाप, आत काहीतरी असणारच, हे मला आधीच वाटत होतं. शेंग दाबून पाहिली आणि दाणा लागला नाही, असा तो आनंद होता.

निंबाखाली उभं राहून, मोटारसायकलच्या टाकीवर कागद ठेवून मी चौकट भरली. प्रतिकूल. खालच्या ओळीत लिहिलं, "उमेदवाराचा पोलीस ठाण्याशी संबंध असल्याचे शेजारी सांगतात." न्यायालयातल्या नोंदी वेगळा माणूस तपासतो, तिथं तिच्या नावावर काही निघालं नाही, हे मला नंतर कळलं. पण कंपनीला धोका कशाला हवा? मुली पुष्कळ आहेत. तिला एका ओळीचं पत्र गेलं, क्षमस्व, आपली निवड पुढे नेता येत नाही.

*

त्याच महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा नागपूरला अधिवेशनाला गेलो.

झालं असं, की आमच्या भागातल्या एका आमदारांनी, आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो, नोकरीआधीच्या चौकश्यांवर एक विधेयक मांडायचं ठरवलं. त्यात एक कलम होतं. चौकशीत कोणाविरुद्ध काही आलं, तर नोकरी नाकारण्याआधी तो अहवाल त्या उमेदवाराला दाखवायचा आणि उत्तर द्यायला आठ दिवस द्यायचे. बस्. एवढंच. पण संघटनेत पळापळ झाली. पुण्याहून सचिव धावत आले. भाऊ वऱ्हाडातले, तेव्हा वऱ्हाडातला एखादा खरा फिरणारा माणूस सोबत पाहिजे, असं ठरलं. तो मी.

पहाटे निघालो. तिवसा ओलांडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी धुकं होतं, आणि धुक्यात पांढऱ्या बोंडांच्या पराट्या, कपाशीची झाडं. वेचणीला निघालेल्या बाया डोक्याला फडकी बांधून वावरात उतरत होत्या. सचिवांनी गाडीची काच वर ठेवली होती. त्यांच्या मांडीवर चकचकीत फोल्डरं होती, प्रत्येकात निवेदन, निवेदनाला जोडून तक्ते. मला एक संत्र्यांची पेटी धरायला दिली होती. नागपूरला संत्री घेऊन कोण जातो? पण मी धरून बसलो.

अधिवेशनातलं नागपूर हे एक प्रकरणच आहे. जिकडे तिकडे पिवळे पास गळ्यात अडकवलेली माणसं. रस्त्यावर मोर्चे, टपरीवर निवेदनं, चहा पिता पिता कोणी कोणाला कोपऱ्यात नेऊन बोलतोय. मी माझ्या सवयीनं चेहरे वाचत होतो आणि सगळेच चेहरे मला प्रतिकूल वाटत होते. स्वीय सहायकानं आमच्याकडे पाहून हसून सांगितलं, "दहा मिनिटं बसा," तेव्हाच मी समजलो, दोन तास. अडीच लागले.

भाऊ आमदार निवासात खोलीत बसले होते. अंगात बाह्यांचा जुना स्वेटर, पुढ्यात पेपरावर उकडलेल्या शेंगा. तुरीच्याच. सचिवांनी बोलायला सुरुवात केली. पद्धतशीर बोलले, खोटं काय सांगू. अहवाल उमेदवाराला दाखवला तर शेजारी तोंड उघडणार नाहीत. उघडलं तर गावात भांडणं होतील, डोकी फुटतील. मग खरी माहिती मिळायचीच नाही. भाऊ शेंगा सोलत ऐकत होते.

मग एकदम माझ्याकडे वळले. "तुमी सांगा गा. तुमी फिरता. हे तं पुन्याहून बोलून राहिले. गावातला मानूस खोटं बोलत नाही का?"

"बोलते ना भाऊ," मी म्हणालो. "चांगलं बोलणारा खोटं बोलते. त्याले संबंध राखायचे असतात. पन वाईट बोलणारा काहून खोटं बोलंल? त्याले त्यात काय भेटते?"

भाऊ थांबले. शेंग हातातच राहिली. मग मोठ्यानं हसले. "हे बराबर बोलला मानूस," ते म्हणाले. स्वीय सहायकाकडे पाहून त्यांनी मान हलवली. त्या वर्षी ते कलम विधेयकातून गळालं. सचिवांनी परतीच्या वाटेवर मला मिठी मारली आणि ती संत्र्यांची पेटी मलाच दिली. घरी येऊन मी सुमनला ते वाक्य तीनदा ऐकवलं. ती संत्रं सोलत होती. म्हणाली, "वाक्य चांगलं हाये. पन खरं हाये का?"

बायकांना प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय असते, असं मी मनात म्हणालो. मी म्हणालो, बरं का, मी!

*

पौष सरत आला होता. वलगावलाच दुसरी केस आली, त्याच गल्लीत, चार घरं सोडून. मी मोटारसायकल लावतोय तोच मागून आवाज आला.

"ओ पाहुने! इकडं या."

कमलाबाई. कपाळाला हळदीकुंकू, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं आणि विचारलं, "काय जी, मोडली ना तुमची सोयरीक?"

"कोणती सोयरीक?"

"घ्या! प्रणूची ना बाप्पा. तुमी तिले पाहाले नव्हते का आले? चहा घेऊन आली ते, मी भिताडावरून पाह्यलं. राग नका मानू बरं. तुमी तं परके, तुमाले काय सांगाव? मी तिले माह्या भाच्यासाठी पाहून ठेवली होती. अशी पोरगी गावात दुसरी नाही, दिवा लावून पाहा. आता हातची जाऊ देऊ का? म्हनून उलशीक भांजी मारली. तेवढं तं चालतेच ना सोयरिकीत?"

चालतं. तेवढं तर चालतंच. आमच्याकडे लग्नात भांजी मारणारा, जुळत आलेलं मोडणारा, एक तरी असतो, हे मला जन्मापासून माहीत आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या सख्ख्या आत्यानं मारली होती. आणि म्हणूनच सोयरिकीला गेलेला माणूस एका शेजाऱ्यावर कधी विसंबत नाही, चार दारं फिरतो, मामाला विचारतो, शाळेत विचारतो. अडाणी माणसंसुद्धा एवढं करतात. मी एका दारावर थांबलो. मला चौकट भरायची होती.

"आणि ते पोलीस ठाणं?" मी विचारलं.

"गेली होती ना. खोटं नाही बोलली मी," बाई अभिमानानं म्हणाल्या. "कायले गेली ते मले काय मालूम?"

वाईट बोलणाऱ्याला काय मिळतं? हे घ्या, हे मिळतं. भाच्यासाठी गावातली सगळ्यात चांगली मुलगी. भाऊंपुढे मी छाती फुगवून जे विचारलं होतं, त्याचं उत्तर सुपात शेंगा घेऊन माझ्यासमोर बसलं होतं. मला हसूही आलं नाही आणि रडूही. त्यांनी पुढे केलेल्या शेंगा मी खाल्ल्या, त्या गोड होत्या, आणि तिथून उठून आलो.

एजन्सीला फोन केला. "केस बंद झाली सर, ती जागा भरली." सचिवांना केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, एखादी चूक होते. पण आत्ता हे बाहेर काढलं तर आपण भाऊंना काय सांगितलं होतं? कलम उद्या परत येईल. तुमचा माझा धंदा आहे. जाऊ द्या." मी म्हणालो, बरं.

मी बरं म्हणालो. त्याला तीन हिवाळे झाले. त्यानंतर वलगाव आलं की मी वळसा घालून दुसऱ्या रस्त्यानं जातो. सुमनला सांगितलं नाही. चौकट मात्र भरत राहिलो, फक्त आता चार दारं फिरतो. उशिरा आलेलं शहाणपण दुसऱ्याच्या कामी येतं, जिचं गेलं तिच्या येत नाही.

*

परवा शेंगा घेऊन घरी आलो. सुमननं मीठ घालून उकडायला ठेवल्या. घरभर तो वास पसरला, ओल्या शेंगांचा, थोडा मातीचा, थोडा गोड. मला तो वास सोसेना. मी कपाटातून जुनी फाईल काढली. अहवालाची प्रत ठेवायची नसते, असा नियम आहे. पण मी माझ्या एजन्सीवरही विश्वास ठेवलेला नाही, म्हणून प्रत्येक प्रत ठेवली आहे. संशयाचा आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वलगावला गेलो. अंगण तेच, गोणपाट तेच. प्रणाली मेथीच्या जुड्या बांधत होती. थोडी रोडावलेली, गळा मोकळाच; म्हणजे भाच्याचंही जुळलं नव्हतं. सकाळी अमरावतीच्या एका शिकवणी वर्गात ती पोरांना संगणक शिकवते, दुपारी घरी. मला पाहून तिला आठवायला एक क्षण लागला. मग आठवलं. या वेळी तिनं चहाचं विचारलं नाही.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोलणाऱ्याचं नाव सोडून. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो तीनदा वाचला. हाताला मेथीचा ओलावा होता, कागदावर बोटं उमटली.

"पोलीस ठान्याशी संबंध," ती हळूच म्हणाली. "मार्कशीट हरपली होती जी माही. एसटीत. दुसरी काढाले पोलिसाचा दाखला लागते. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, म्हनून दोनदा गेली. आन ते मार्कशीट मागतली कोनं होती? तुमच्याच कंपनीनं. नोकरीसाठी."

मी फाईल मिटली.

"तीन वर्षं मले वाटे, मुलाखतीत काही चुकलं. माहं इंग्रजी. मंग वाटलं, बाबा भाजी विकते म्हनून असंन. दुसरीकडचे अर्ज अर्धे भरून ठेवून देल्ले. पुन्हा तसंच होईन म्हनून केले नाही मी." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "कोन बोललं हे?"

"ते नाही सांगत मी," मी म्हणालो.

तिनं भिंतीकडे पाहिलं. कमरेएवढ्या त्या भिंतीकडे. "नका सांगू. भित एकच हाये."

आणि खरंच, तेवढ्यात पलीकडून हाक आली, "प्रणू, कढीपत्ता हाये का वो?" प्रणाली उठली. झाडाची एक डहाळी मोडली आणि भिंतीवरून हात लांब करून दिली. पलीकडचा हात मी पाहिला, बांगड्यांचा. परत येऊन ती बसली आणि पुढची जुडी बांधायला घेतली. तिच्या मनात काय होतं, हे मला वाचता आलं नाही. वीस वर्षं चेहरे वाचतोय.

"एक इचारू?" ती म्हणाली. "मी घरातच होती ना जी. चहा मीच देल्ला तुमाले. बाहीर जाऊन लोकाले इचारत फिरन्यापेक्षा, परत येऊन मले इचारलं असतं, पोरी, ठान्यात कायले गेली होती? एवढंच. ठान्याची पावती होती माह्यापाशी. टेबलाच्या खनातच होती."

मी खाली बघत होतो. गोणपाटाच्या धाग्यांतून एक मुंगी चालली होती. मला लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही. मग मी तिला नागपूरचंही सांगितलं. कलमाचं, भाऊंचं, माझ्या त्या वाक्याचं. आणि हे, की दोनच दिवसांनी अधिवेशन सुरू होतंय आणि मला तेच वाक्य परत बोलायला बोलावलं आहे. ती ऐकत होती. हात थांबले होते.

"म्हंजे मले हा कागद तवाच भेटला असता?"

"कलम राहिलं असतं तर पुढच्यांना तरी भेटला असता."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मले न्या नागपूरले."

"तू कशाला बाई तिथं..."

"तुमी तं तिथं गेल्यावर बदलसान. माहा इस्वास नाही तुमच्यावर." हे तिनं साध्या आवाजात सांगितलं, भाव सांगावा तसं. "म्हनून न्या. पावती घेऊन येतो मी."

घरी पोचलो तर सुमननं शेंगा काढून ठेवल्या होत्या, गार झाल्या होत्या. फोन वाजला. सचिव. पासासाठी नावं पाठवायची होती.

"दोन पास काढा," मी म्हणालो.

"दोन? दुसरं कोण?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. कागदावर लिहून घेतल्याचा आवाज आला, मग ते थांबले. त्यांच्या आवाजात तो ओळखीचा संशय आला, माझ्याच धंद्यातला. "कोण आहेत या बाई? भाऊंसमोर न्यायच्या म्हणजे... माणूस नीट आहे ना? काही चौकशी केलीत?"

"केली," मी म्हणालो. "या खेपेला तिलाच विचारलं."